अज्जाच्या पुंगळ्या

या अंकाचा विषय ‘घरातली एक वस्तू’ आहे असं मंडळाच्या ग्रुपवर आलं, तेव्हा कुणी जातं लिहिलं, कुणी आजीची नऊवारी, कुणी बंद पडलेला रेडिओ. मी ‘पुंगळी’ असं लिहिलं. खाली लगेच प्रश्न आला, “म्हणजे गारुड्याची पुंगी का गं?”

नाही. बंदुकीचा बार उडाला की काडतुसातली दारू जळून जाते, छर्रे पुढे जातात आणि मागे उरते ती रिकामी नळी. ती पुंगळी. आमच्या घरात अशा वीस होत्या. आता एकच आहे, देवघरात. ती तिथे कशी आली हे मला एकोणीस वर्षं माहीत नव्हतं. बाबांनाही नव्हतं.

मी धारवाडची. माझ्या बोलण्यातलं ‘होय की’, ‘बघ की’ ऐकून तुमच्यापैकी काहींना हसू येतं, ते मला ठाऊक आहे. येऊ दे. आमच्या घरात आजोबांना अज्जा म्हणतात आणि आजीला अज्जी. शब्द कानडी, माणसं मराठी. आमचं गाव धारवाडच्या पश्चिमेला, हळियाळच्या वाटेवर. धारवाडची गंमत अशी की पूर्वेला गेलात की काळी माती, ज्वारी, कापूस आणि मोकळं आभाळ. पश्चिमेला गेलात की तासाभरात पाऊस वाढतो, भातशेती लागते आणि मग रान. आमचं शेत त्या रानाला लागून. म्हणजे भात आणि ऊस पिकवायचा आम्ही आणि खायचा रानडुकरांनी.

म्हणून अज्जाकडे बंदूक होती. बारा बोरची दुनळी, पीक राखण्याच्या लायसनची. बारा बोर म्हणजे काय हे मला एनसीसीत आल्यावर समजलं: नळीच्या मापाच्या शिशाच्या गोळ्या केल्या तर एका पौंडात बारा बसतात, म्हणून बारा. आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर अज्जाने जनावरावर कधी बंदूक धरली नाही, असं अज्जी शपथेवर सांगते. रात्री माळ्यावर बसायचं, डुकरांची चाहूल लागली की हवेत बार काढायचा, बस्स. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, संपली की सोडवून आणायची. त्या महिन्यात डुकरांची चैन.

नवीन काडतूस विकत घ्यायचं तर पैसे लागत. पण पितळेची पुंगळी जपली तर पुन्हा पुन्हा भरता येते. तळाला नवी टोपी, आत दारू, वर बोळा. अज्जा ते स्वतः करायचा. लगेच सांगून टाकते, ते दिवस वेगळे आणि ते गाव वेगळं. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतूस तयार करायला वेगळा परवाना लागतो आणि हे घरी बसून करायचं काम नव्हेच. का नव्हे, ते पुढे येईलच.

भरण्याचं काम अज्जाचं. घासण्याचं काम बाबांचं. ते तेव्हा पंधरा वर्षांचे होते.

काडतूस म्हटलं की आपल्याला शाळेतलं १८५७ आठवतं. ती काडतुसं कागदाची होती, दातांनी फाडायची. पितळेची पुंगळी त्यानंतर, १८६० च्या दशकात आली. पितळच का, तर त्याचा एक गुण आहे. बार उडताना पुंगळी क्षणभर फुगते, बंदुकीच्या नळीला आतून घट्ट बसते आणि मागच्या बाजूला, म्हणजे उडवणाऱ्याच्या तोंडाकडे येणारा जाळ अडवते. मग लगेच थोडी आकसते, म्हणून बाहेर काढता येते. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त या मिश्रणाला हे चांगलं जमतं. लोखंडाला इतक्या सहज जमत नाही, शुद्ध तांबं फार मऊ पडतं.

पण वापरलेली पुंगळी तशीच ठेवली तर खराब होते. काळ्या दारूचा जो मेण्यासारखा थर आत राहतो, तो हवेतलं पाणी ओढतो आणि पितळ खातो. म्हणून अज्जाचा नियम होता: त्याच दिवशी कढत पाण्यात धुवायची. मग चिंचेच्या कोळात थोडं मीठ घालून त्यात बुडवायची, पण फार वेळ नाही. आंबट पाण्यात पितळ विसरलं तर त्यातलं जस्त निघून जातं आणि ते गुलाबी दिसायला लागतं. आपल्याकडे समई घासणाऱ्या सगळ्या बायकांना हे माहीत असतं, फक्त त्याला जस्त म्हणत नाहीत. नंतर दोन पाण्यांनी धुवायची, फडक्याने पुसायची आणि उन्हात वाळवायची. चुलीवर नाही. तळ तापला तर मऊ होतो, आणि तळ कडकच राहायला पाहिजे.

परदेशात आता यासाठी यंत्रं आहेत. एका भांड्यात मक्याच्या कणसांचा भुगा किंवा अक्रोडाच्या कवचांचा चुरा घालतात, पुंगळ्या टाकतात आणि भांडं तासन्‌तास थरथरत राहतं. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मक्याची कणसं? आपण ती चुलीत घालत होतो की.”

शेवटची पायरी घासण्याची नव्हे, वाजवण्याची. अज्जा दोन पुंगळ्या एकमेकींवर हलकेच आपटायचा. अखंड असली तर टण्‌कन आवाज. तडा असला तर बद्द. बाजारात मडकं घेताना वाजवून घेतात तसंच. मग उजेडाकडे धरून तळापासून तोंडापर्यंत नखाने चाचपायची. तो बाबांना म्हणायचा, “पितळ चमकावं म्हणून घासत नाही आपण. भेग असली तर दिसावी म्हणून घासतो.”

हे वाक्य मी बाबांकडून पहिल्यांदा ऐकलं ते गेल्या दिवाळीत. त्याआधी आमच्या घरात बंदुकीचा विषय निघत नसे. अज्जाच्या उजव्या डोळ्याखाली गालावर निळसर बारीक ठिपके होते, गोंदल्यासारखे. लहानपणी मी ते बोटाने मोजायची. विचारलं की तो म्हणायचा, “रानातली चांदणी पडली गं अव्वा, पुसली नाही.” अव्वा म्हणजे कानडीत आई. लाडाने लहान मुलींनाही म्हणतात.

अज्जा गेला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. बंदूक ठाण्यात जमा झाली, लायसन बंद झालं. आम्हाला वाटलं, विषय संपला.

गेल्या दिवाळीत जुना गोठा उतरवायला काढला. गुरं आता नाहीत, भिंत कललेली. माळ्यावरचा सडका कडबा खाली ढकलताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत दोन पिशव्या. एकीत सात वापरलेल्या पुंगळ्या, दुसरीत कागदात गुंडाळलेल्या बारा कोऱ्या. सगळ्या कळकलेल्या, काळ्या-हिरव्या. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक राहिलं की जसा रंग येतो, तसा.

मी एनसीसीत आहे. आमचं फायरिंग पॉइंट टू टू रायफलवर होतं. तिथे एकेका पुंगळीचा हिशोब द्यावा लागतो: जितक्या गोळ्या घेतल्या तितक्या पुंगळ्या परत. एक कमी पडली तर अख्खी तुकडी गवतात गुडघ्यावर. ती पुंगळी पुन्हा भरता येत नाही, कारण तिची पेटणारी दारू तळाच्या कडेतच भरलेली असते आणि घोड्याने ती कड चेपली की तिचं काम संपलं. तरी हिशोब चुकत नाही. त्यामुळे डबा बघताच माझा हात मोजायलाच लागला. एकोणीस.

मी म्हटलं, “बाबा, माझ्याकडे बेल्टचं पॉलिश आहे. पाच मिनिटांत सोन्यासारख्या करते बघा.” आणि बॅगेतून डबी काढून झाकण उघडलं. तो वास तुम्हाला माहीत असेल, नाकात झोंबणारा.

बाबांनी माझ्या हातातून डबी घेतली, झाकण लावलं आणि बाहेर निघून गेले. मला धक्का बसला. तसं मी शाळेपासून पाहत आले होते की मी बेल्टचं बक्कल घासायला बसले की ते उठून जातात. मला वाटायचं, वास आवडत नसेल.

रात्री जेवणं झाल्यावर ते स्वतःच बोलले. मी त्यांच्या शब्दांत सांगते.

“१९८४ चा पावसाळा संपत आला होता. तुझा मोठा काका मराठा लाईट इन्फन्ट्रीत, बेळगावहून सुट्टीवर आलेला. त्याच्या ट्रंकेत पॉलिशचा डबा होता. बक्कल असं चमकवायचा की तोंड दिसावं. मला वाटलं, मिलिटरीचं पॉलिश म्हणजे चिंचेपेक्षा भारीच असणार. आप्पा बाजारला गेले होते. मी आठ पुंगळ्या त्या पॉलिशने घासल्या. वाजवल्या नाहीत, नखाने चाचपल्या नाहीत. इतक्या चमकत होत्या की मला त्यात काही बघायचं राहिलंय असं वाटलंच नाही. आप्पा आले. कंदिलाच्या उजेडात बघून म्हणाले, अरे वा, सोन्यासारख्या केल्यास की! मला तोवर कधी असं काही म्हणाले नव्हते. त्यांनीही मग वाजवून बघितल्या नाहीत. भरल्या.

चार दिवसांनी रात्री उसात डुकरं आली. मी माळ्यावर होतो त्यांच्याजवळ. पहिला बार नीट गेला. दुसऱ्याला पुंगळी तळाजवळ फाटली. जाळ मागे आला. आप्पा तोंड धरून खाली बसले. डोळा वाचला तो देवाच्या कृपेने. दारूचे कण कातडीत घुसले ते राहिले कायमचे. दवाखान्यात सगळ्यांना सांगत होते, जुनी पुंगळी होती, माझीच चूक, बघून भरायला पाहिजे होती. मी शेजारी उभा होतो. मी बोललो नाही. नंतरही नाही. बत्तीस वर्षं रोज ते ठिपके बघितले आणि बोललो नाही.”

मी काय बोलणार? मी डबा कपाटावर ठेवला आणि दोन दिवसांनी हुबळीहून दादरची गाडी पकडली.

पुढचा भाग आपल्या कॉलेजातला. मी केमिस्ट्रीची. नोव्हेंबरात प्रॅक्टिकल होतं. तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात अमोनिया थेंबथेंब टाकायचा. आधी फिका निळा साका बसतो, आणखी टाकला की तो विरघळून गर्द निळा रंग येतो. बाटलीचं बूच काढलं आणि मला एकदम आमच्या घरातले दोन वास आठवले. एक पॉलिशच्या डबीचा. दुसरा गोठ्याचा.

पावसाळ्यात दारं बंद ठेवलेल्या गोठ्यात कधी शिरला असाल तर कळेल मी काय म्हणते. गुरांच्या मुताचा वास डोळ्यांत पाणी आणतो. तो अमोनियाच असतो. आणि अज्जाचा डबा कायम गोठ्याच्या माळ्यावर असायचा. घरात चूल, घरात पोरं, म्हणून बंदुकीचं सगळं सामान घरापासून लांब ठेवायचं, ही त्याची काळजी.

मी मॅडमना विचारलं, अमोनियाने पितळेला तडा जातो का? त्यांनी ‘सीझन क्रॅकिंग’ हा शब्द दिला आणि लायब्ररीत पाठवलं. तिथे जे वाचलं ते वाचून मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले.

ही गोष्ट भारतातलीच आहे. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसं इथे पावसाळाभर साठवून ठेवलेली असत, बऱ्याचदा घोड्यांच्या पागेत. पाऊस सरला, बाहेर काढली, तर कित्येकांना तडे. कुणी उडवलेली नाहीत, आपटलेली नाहीत. नुसत्या पडून राहिलेल्या पितळेला तडे. ऋतूबरोबर येणारे तडे म्हणून ते नाव. कारण नीट कळायला १९२१ साल उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवून दिलं की दोन गोष्टी एकत्र आल्या की असं होतं. एक, पुंगळी ओढून, दाबून बनवताना पितळेच्या आत राहिलेला ताण. दुसरी, हवेतला अमोनिया आणि ओल. नुसत्या ताणाने पितळ फुटत नाही, नुसत्या अमोनियाने असं तडकत नाही. दोन्ही भेटले की गप्प बसल्या जागी भेग पडते. उपाय साधा निघाला. बनवून झाल्यावर पुंगळी बेताच्या आचेवर तापवून आतला ताण घालवायचा, आणि अमोनियाजवळ ठेवायची नाही. आपले तांबटही भांडं ठोकून ठोकून कडक झालं की भट्टीत घालून मऊ करतात आणि मगच पुढे ठोकतात. त्यांना १९२१ ची वाट बघावी लागली नव्हती.

मी मॅडमना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मला घाई करू दिली नाही. म्हणाल्या, “फाटलेली पुंगळी आहे का तुमच्याकडे?” नव्हती. अज्जाने ती तळ्यात फेकली होती. “मग नक्की काय झालं हे आता कळणार नाही. पॉलिशमध्ये अमोनिया असेल तर तेही कारण असू शकतं. जुन्या टोप्यांमध्ये पारा असायचा, त्यानेही पितळ ठिसूळ होतं. गोठाही असू शकतो. डब्यात कधीच न घासलेल्या पुंगळ्या असतील तर त्या बघ.”

बारा कोऱ्या. कागदातल्या.

नाताळच्या सुट्टीत मी घरी गेले. हुबळीला उतरून चिगरी बस धरली. चिगरी म्हणजे कानडीत काळवीट. आमच्या जुळ्या शहरांमध्ये धावणाऱ्या वेगवान बसला हेच नाव दिलंय. त्या अर्ध्या तासात मी बाबांना कसं सांगायचं याची चार भाषणं तयार केली आणि घरी पोचल्यावर एकही केलं नाही. नुसतं म्हटलं, “बाबा, त्या पुंगळ्या ठाण्यात जमा करायच्या आहेत ना? तशा कळकट कशाला द्यायच्या? बसूया का घासायला?”

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग अज्जीला म्हणाले, “आई, चिंच आहे का जुनी?”

अंगणात बसलो. कढत पाणी, चिंचेचा कोळ, मीठ, राख, जुनं धोतर. चाळीस वर्षांत हात काही विसरले नव्हते. किती वेळ बुडवायची, कधी काढायची, बाबांना घड्याळ लागलं नाही. काळं-हिरवं उतरत गेलं आणि पितळ वर आलं. तळावर बर्मिंगहॅम अशी अक्षरं दिसू लागली. मी धुवायची, ते पुसायचे. मग त्यांनी पहिली कोरी पुंगळी उचलली, दुसरीवर हलकेच आपटली.

टण्‌.

दुसरी. टण्‌. तिसरी.

बद्द.

बाबांनी ती उन्हाकडे धरली. तळाच्या किंचित वर केसासारखी बारीक रेघ, अर्धी फेरी मारून गेलेली. बारा कोऱ्या पुंगळ्यांपैकी पाच तडकलेल्या निघाल्या. सात वापरलेल्यांपैकी तीन. कोऱ्यांना कधीही पॉलिश लागलं नव्हतं. कधी टोपी बसली नव्हती, कधी दारू लागली नव्हती. त्या फक्त गोठ्यावर पडून होत्या.

मग मी सांगितलं. पागा, पावसाळा, १९२१, सगळं. बाबा ऐकत होते, पण माझं संपल्यावर त्यांनी जे विचारलं ते माझ्या एकाही भाषणात नव्हतं. “म्हणजे आप्पांचीच चूक म्हणतेस?”

“कुणाचीच नाही. माहीतच नव्हतं कुणाला.”

“पण या भेगा त्या वर्षाच्या आधीच्या की नंतरच्या? चाळीस पावसाळे गेले यांच्यावरून.”

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबा शिकलेले नसले तरी माझ्या मॅडमसारखाच प्रश्न विचारतात.

अज्जी उंबऱ्यात शेंगा सोलत बसली होती. ती उठली, आत गेली आणि देवघरातलं उदबत्तीचं घर घेऊन आली. जाड पितळेची छोटी नळी, आत तांदूळ भरलेले. मी जन्मल्यापासून ती पाहतेय. दर सणाला अज्जी स्वतः घासायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही आणि एकच बाजू पुढे करून ठेवायची. तिने तांदूळ ओंजळीत काढले आणि नळी बाबांच्या हातात दिली. मागच्या बाजूला, जी नेहमी भिंतीकडे असायची, तळाजवळ एक भेग.

“ही त्याच्या आदल्या पावसाळ्यातली,” अज्जी म्हणाली. “दोन फुटक्या निघाल्या होत्या. एक त्याने टाकली, एक मी उदबत्तीला ठेवून घेतली. तू घासायच्या आधीची गोष्ट आहे ही.”

बाबा काही बोलले नाहीत.

“आणि तू पॉलिशने घासलंस ते त्याला त्याच रात्री कळलं होतं. तुझ्या हाताला वास येत होता रे. तुझ्या भावाचा डबा अर्धा झाला होता, तो बोंबलत होता. मी म्हटलं, पोराला विचारा. तो म्हणाला, नको. विचारलं तर खरं सांगेल, आणि मग जन्मभर त्याला वाटत राहील.”

अंगणात कुणीच काही बोललं नाही. बाबांनी खाली मान घालून ती पुंगळी पुसायला घेतली. पुसून झाली तरी पुसत राहिले. मग म्हणाले, “जन्मभर वाटतच राहिलं की आई.”

मला अज्जाचा राग आला, खरं सांगते. आणि बाबांचाही. दोघांनी एकमेकांना सांभाळायला म्हणून बत्तीस वर्षं तोंड मिटून घेतलं. एकाने विचारलं असतं किंवा एकाने सांगितलं असतं, तर तडा कुठे आहे हे अज्जा जिवंत असतानाच दिसलं असतं. अज्जाला पितळेचं हे कळत होतं, की घासायचं ते भेग दिसावी म्हणून. माणसांच्या बाबतीत त्याने उलट केलं. भेग भिंतीकडे करून ठेवली.

पण हेही खरं की मी हे एकोणिसाव्या वर्षी, लायब्ररीत बसून म्हणतेय. पंधरा वर्षांच्या पोराच्या समोर भाजलेलं तोंड घेऊन बसलेला बाप काय बोलेल, हे मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा एकोणीस पुंगळ्या, जुन्या लायसनची झेरॉक्स आणि एक अर्ज घेऊन ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी त्या टेबलावर ओळीत मांडल्या. पावती कानडीत लिहिली: रिकाम्या पितळी पुंगळ्या, नग एकोणीस. बाबांनी पावती वाचली आणि परत पुढे केली. “त्यातल्या आठ तडा गेलेल्या आहेत, तेवढं लिहा की.”

साहेब म्हणाले, “अहो, त्याने काय फरक पडतो?”

“पडतो,” बाबा म्हणाले. “लिहा.”

त्यांनी लिहिलं.

निघताना बाबांनी प्रामाणिकपणे विसावीबद्दलही सांगून टाकलं, देवघरातल्या. साहेब हसले. म्हणाले, ती देवापाशीच राहू दे.

ती तिथेच आहे. अज्जी आता ती भेग पुढे करून ठेवते. उदबत्तीची राख त्यातून थोडी थोडी सांडते, आणि सकाळी बाबा ती फडक्याने पुसून घेतात.